एका युनिटचा हिशोब : चंद्रपूरचं वीज केंद्र चालतं तरी कसं?

चंद्रपूरहून मोहर्लीच्या, म्हणजे ताडोब्याच्या रस्त्याला लागलं की शहर पुरतं मागे पडायच्या आत दुर्गापूर येतं आणि उंचच उंच चिमण्या दिसायला लागतात. वाघ बघायला निघालेली मुलं गाडीच्या खिडकीतून विचारतात, "एवढा धूर कसला?" त्यांचं बोट बहुतेक वेळा पांढऱ्या ढगांकडे असतं. कमरेत आवळलेल्या, डमरूसारख्या बुटक्या मनोऱ्यांतून ते ढग निघतात. तो धूर नाही, ते पाणी आहे, इरई धरणातलं. खरा धूर २७५ मीटर उंचीच्या सडपातळ चिमण्यांतून जातो आणि बऱ्याचदा डोळ्यांना नीट दिसतही नाही. या केंद्राबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

चंद्रपूरचं महाऔष्णिक विद्युत केंद्र आज २,९२० मेगावॉटचं आहे. हा आकडा ऐकून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून मोठे आकडे बाजूला ठेवून आपल्या वीज बिलावरचं एक युनिट घेऊ. ७५ वॉटचा पंखा सव्वातेरा तास चालला की एक युनिट जळतं. म्हणजे रात्री पंखा लावून झोपलो आणि सकाळी जरा उशिरा उठलो, एवढीच ती वीज. आपल्याकडच्या कोळशावर ती तयार करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. तो जाळायला साडेतीन-चार किलो हवा लागते आणि तीन-साडेतीन लिटर पाणी खर्ची पडतं. मागे पाव किलोच्या आसपास राख उरते आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. बिलावर यातलं काहीच छापलेलं नसतं. म्हणून हा हिशोब निदान एकदा तरी मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी कोळसा. आपल्या खाणींतल्या कोळशात खूप राख असते. १०० किलो जाळला तर ३५ ते ४० किलो राख उरते. हा कोळसा रेल्वेने मुंबईजवळ नेऊन तिथे जाळायचा म्हटलं, तर प्रत्येक टनामागे साडेतीनशे-चारशे किलो राखेचं भाडं भरावं लागेल. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच केंद्र बांधावं आणि वीज तारेतून न्यावी, हा साधा विचार चंद्रपूरच्या मुळाशी आहे. दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी शेजारीच आहेत आणि पाण्याला इरई नदी आहे. तेव्हाच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने इथला पहिला २१० मेगावॉटचा संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक संच) १९८३ मध्ये सुरू केला आणि १९८४ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचं लोकार्पण झालं. १९९७ पर्यंत सात संच उभे राहिले, मिळून २,३४० मेगावॉट. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि केंद्र महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीकडे आलं. २०१६ मध्ये ५०० मेगावॉटचे आणखी दोन संच जोडले गेले. पहिले दोन म्हातारे संच निवृत्त झाले. आज २१०चे दोन आणि ५००चे पाच संच आहेत.

वीज तारेतून न्यायची म्हणजे किती लांब? चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक खास वाहिनी आहे. ती १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यातून घरातल्यासारखा उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह नाही, तर बॅटरीतल्यासारखा एकाच दिशेचा डीसी प्रवाह जातो. इतक्या लांबच्या पल्ल्यात डीसीची गळती कमी होते, म्हणून एका टोकाला एसीचा डीसी करायचा आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा एसी. १,५०० मेगावॉट नेण्याची तिची क्षमता आहे. ठाण्यात लिफ्टचं बटण दाबणाऱ्याच्या आणि चंद्रपूरच्या कोळशाच्या मधे ही वाहिनी आहे.

आता आत शिरू. कोळसा ढिगाऱ्यातून पट्ट्यांवर, पट्ट्यांवरून क्रशरमध्ये आणि तिथून मिलमध्ये जातो. मिल म्हणजे अवाढव्य जातंच. इथे कोळशाची काजळासारखी भुकटी होते. बहुतेक कण ७५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या तेराव्या हिश्श्यापेक्षा बारीक. एवढं कशाला दळायचं? ओंडका पेटायला वेळ लागतो, भुसा भुर्रकन पेटतो, तसंच. ही भुकटी गरम हवेच्या झोतावर बसून भट्टीत शिरते आणि हवेतच जळते. तिथे शेगडीसारखे निखारे नसतात, मधोमध गरगरणारा ज्वाळेचा गोळा असतो. पावसाळ्यात मात्र कोळसा भिजून चिखल होतो, पट्ट्यांना आणि नळकांड्यांना चिकटतो, मिल गुदमरतात. दर जुलै-ऑगस्टला 'ओल्या कोळशामुळे वीजनिर्मिती घटली' अशी बातमी येते, ती याचीच. उन्हाळ्यात उलटं होतं. कोळशाचा ढीग आतल्या आत तापून आपोआप धुमसायला लागतो, म्हणून बुलडोझर फिरवून तो दाबून ठेवतात. आत हवा शिरू द्यायची नाही.

भट्टीच्या भिंती विटांच्या नसतात. शेजारी शेजारी जोडलेल्या पोलादी नळ्यांचीच ती भिंत असते आणि नळ्यांतून पाणी वाहत असतं. ५०० मेगावॉटचा बॉयलर वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतीएवढा असतो, आणि तो जमिनीवर उभा नसतो. वरच्या तुळयांना तो टांगलेला असतो! तापल्यावर लोखंड लांबतं. खाली घट्ट बसवला तर बॉयलर स्वतःच्याच फुगण्याने फाटेल. टांगला की तो निवांत खाली वीत-दीड वीत लांबतो आणि थंड झाल्यावर परत वर येतो. अभियांत्रिकीतली ही गोष्ट मला फार आवडते. एवढ्या मोठ्या वस्तूला वागायला मोकळी जागा ठेवलेली आहे.

कुकरमध्ये दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब चढला की शिट्टी उडते. इथे तो १७० किलो असतो आणि वाफेचं तापमान ५४० अंश. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही, निव्वळ पारदर्शक असते. गळती झाली तर आवाजावरून कळते. ती टर्बाइनच्या पात्यांवर जाते आणि टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं. ३,०००च का? ३,००० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. आपल्या घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची वारंवारिता म्हणजे हेच फेरे. टर्बाइनला जोडलेलं जनित्र फिरतं, २१ हजार व्होल्टची वीज तयार होते आणि रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ती ४ लाख व्होल्टवर नेऊन तारांवर सोडतं.

इथवर बहुतेकांना समजतं. खरी गोची पुढे आहे. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ अजून गरमच असते. तिच्यात कोळशाची जवळपास निम्मी उष्णता शिल्लक असते, आणि ती आपण थंड पाण्याला देऊन टाकतो. निम्मी! १०० भाग उष्णता कोळशात होती असं धरू. त्यातली १३-१४ धुराबरोबर आणि इकडेतिकडे गेली, ४८-५० वाफ थंड करण्यात गेली, आणि ३६-३७ भागांची वीज झाली. त्यातूनही सहा-सात टक्के वीज केंद्राचेच पंखे, पंप आणि मिल खातात. हे ऐकलं की कोणीही विचारेल, मग ती वाफ थंड कशाला करता? तशीच परत बॉयलरमध्ये का नाही ढकलत?

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर उत्तर सोपं आहे. पाणी वरून पडतं, चक्र फिरतं, पाणी खाली वाहून जातं. चक्र पाणी पीत नाही. काम मिळतं ते पाणी वरून खाली येतं म्हणून, आणि खालचं पाणी निघून जायला वाट नसेल तर हौद भरेल आणि चक्र थांबेल. उष्णतेचंही असंच आहे. ती गरम जागेकडून थंड जागेकडे 'पडते' आणि त्या पडण्यातून आपण काम काढून घेतो. थंड जागाच नसेल तर पडणं नाही आणि काम नाही. टर्बाइनच्या खालचा कंडेन्सर ही ती थंड जागा. तिथे वाफेचं पाणी होतं, ते मूळ वाफेच्या मानाने इतकं कमी जागेत मावतं की जवळजवळ निर्वात पोकळी तयार होते, आणि ती पोकळी मागच्या वाफेला आपल्याकडे ओढते. वाफ तशीच दाबून बॉयलरमध्ये परत घालायची तर मिळवलेली सगळी शक्ती त्यातच जाईल. पाणी मात्र थोड्या शक्तीत पंपाने चढवता येतं. हा निसर्गाचा नियम आहे आणि यंत्र कितीही चांगलं केलं तरी तो चुकत नाही. फक्त वरची बाजू आणखी उंच नेता येते. नागपूरजवळच्या कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच तसेच आहेत. तिथे दाब इतका असतो की पाणी उकळतच नाही, थेट वाफेसारखं होऊन जातं. अशा संचांना त्याच विजेसाठी जरा कमी कोळसा पुरतो.

कंडेन्सरमधून ५०० मेगावॉटच्या एका संचासाठी दर तासाला ५०-६० हजार टन पाणी फिरत असतं. ते तापून डमरूंच्या मनोऱ्यात जातं, तिथे वरून पावसासारखं पडतं, थोडं वाफ होऊन उडतं आणि बाकीचं निवतं. मातीच्या माठातलं पाणी गार होतं तेच हे, फक्त माठ शंभर मीटरहून उंच. मे महिन्यात चंद्रपूरला ४६-४७ अंश तापमान असतं तेव्हा हा माठही नीट गार करत नाही. पोकळी कमी होते, तेवढ्याच कोळशात वीज कमी मिळते. आणि नेमका तेव्हाच सगळा महाराष्ट्र पंखे आणि कूलर लावून बसलेला असतो.

म्हणून कोळशाइतकंच पाणी महत्त्वाचं आहे. आपल्याकडे कोळसा टंचाईच्या बातम्या मोठ्या होतात, पाण्याच्या तेवढ्या होत नाहीत. परळीला विचारा. २०१३च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून परळीचं अख्खं केंद्र बंद करावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. २०१०च्या उन्हाळ्यात इरई आटली तेव्हा चंद्रपूरचेही संच बंद ठेवावे लागले होते. चंद्रपूर शहर पिण्याचं पाणीही याच धरणातून घेतं, त्यामुळे धरण तळाशी गेलं की वीज की घागर हा प्रश्न अक्षरशः समोर येतो. कोराडी आणि खापरखेड्याने यातून एक चांगली वाट काढली. ही केंद्रं नागपूर शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात. माझ्या मते जिथे मोठं शहर जवळ आहे तिथे धरणाचं पाणी जाळण्याची परवानगीच नसावी.

आता राख. चंद्रपूरचे सगळे संच एक दिवस पूर्ण क्षमतेने चालले तर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार टनांच्या आसपास कोळसा जळेल, म्हणजे बाराएक भरलेल्या मालगाड्या. त्यातून सोळा-सतरा हजार टन राख. एका दिवसाची! या राखेचा मोठा भाग पिठासारखा असतो आणि धुराबरोबर उडतो. चिमणीच्या आधी त्याला अडवायला भलेमोठे पत्रे टांगलेले असतात. त्यांच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. केसांवर घासलेल्या फूटपट्टीला कागदाचे कपटे चिकटतात तशी राख पत्र्यांना चिकटते, मग हातोडे पत्र्यांवर आपटून ती खाली पाडतात. ही यंत्रणा नीट चालली तर ९९ टक्क्यांहून जास्त राख धरते. पण एक संच तासाला शंभरावर टन राख उडवत असेल तर उरलेला एक टक्काही थोडा नाही, आणि यंत्रणा एखाद्या रात्री ढिली पडली तर सकाळी दुर्गापूर-ऊर्जानगरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून ते कळतं.

धरलेली कोरडी राख टँकरने सिमेंट कारखान्यांत जाते. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर हा सगळा पट्टा सिमेंटचाच आहे. पीपीसी, म्हणजे राख मिसळून केलेल्या सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत ही राख चालते, म्हणजे राज्यातल्या कितीतरी स्लॅबमध्ये चंद्रपूरची राख आहे. जी खपत नाही ती पाण्यात कालवून नळाने राख बंधाऱ्यात सोडतात. बंधारा मातीचा, आत राखेचा गाळ. जुलै २०२२ मध्ये कोराडी-खापरखेड्याकडे खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख शेतांत आणि नदीच्या पाण्यात शिरली. मुसळधार पाऊस होता हे खरं. पण विदर्भात जुलैत मुसळधार पाऊस पडतो, ही काही अनपेक्षित गोष्ट नाही.

चिमणीतून जे जातं त्यातला गंधकाचा वायू मात्र हे पत्रे अडवू शकत नाहीत. त्यासाठी धुराला चुनखडीच्या पाण्याने अंघोळ घालावी लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये त्यावर पहिल्यांदा मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पुढे पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हा सूट देणाऱ्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. पण कमी गंधकाचा कोळसा दिवसाला हजारो टन जाळला तर वायू कमी राहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या यादीत चंद्रपूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथं होतं. खाणी, सिमेंट, वीज केंद्र आणि मालट्रक, सगळ्यांचा मिळून तो आकडा. एकट्या केंद्रावर ढकलणं बरोबर नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे हे नाकारणंही बरोबर नाही.

अशी केंद्रं उभी राहायला किती काळ लागतो, हेही लोकांना माहीत नसतं. जमीन, पर्यावरण मंजुरी आणि कोळशाचा करार झाल्यावरही ५०० मेगावॉटचा संच चार-पाच वर्षं घेतो. शेवटी नळ्यांमधून मुद्दाम वाफेचे जोरदार झोत बाहेर सोडतात, कारण वेल्डिंगचा एखादा कण आत राहिला तर बंदुकीच्या गोळीसारखा टर्बाइनच्या पात्यात घुसेल. ते झोत मैलोगणती ऐकू येतात. ज्यांच्या जमिनी गेल्या ते प्रकल्पग्रस्त मात्र नोकरीसाठी त्यानंतरही झगडत राहतात. २०२१ मध्ये चंद्रपुरात काही जण त्यासाठी थेट चिमणीवर चढून बसले होते.

आणि केंद्र चालवणारे स्वतःच्या मर्जीने चालवत नाहीत. वीज साठत नाही. या क्षणी राज्यात जेवढी लागते तेवढीच या क्षणी तयार व्हायला हवी. मागणी वाढली की देशभरची सगळी जनित्रं एकदम किंचित मंदावतात, वारंवारिता ५०च्या खाली उतरते. ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतं आणि कोणत्या संचाने किती वीज द्यायची ते ठरवतं. ज्याची वीज स्वस्त त्याला आधी बोलावणं. खाणीजवळचं म्हणून चंद्रपूरचा नंबर बऱ्याचदा वर लागतो.

गेल्या काही वर्षांत या कामाची रीत बदलली आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, तेव्हा संचांना निर्मिती कमी करायला सांगतात. सूर्य मावळला की तासा-दोन तासांत पुन्हा पूर्ण भार हवा असतो. ही यंत्रं वर्षानुवर्षं एका चालीने चालण्यासाठी बांधलेली आहेत. संच पार थंड झाला तर परत उभा करायला अर्धा दिवस तरी जातो. भट्टी आधी तेलावर पेटवायची, नळ्या हळूहळू तापवायच्या, मगच कोळसा. बंद टर्बाइनसुद्धा सावकाश फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर गरम दांडा स्वतःच्याच वजनाने वाकतो. म्हणून दुपारी संच बंद न करता ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, आणि नवे नियम तो ४० टक्क्यांपर्यंत उतरवायला सांगतात. रोज तापायचं, रोज निवायचं. तारेचा तुकडा इकडे-तिकडे वाकवत राहिलं की तो तुटतो, तशा नळ्या थकतात.

मग कधीतरी रात्रपाळीत भट्टीच्या आतून फुस्सऽऽ असा न थांबणारा आवाज येतो. नळी फुटली. आजूबाजूच्या नळ्या चिरत जायच्या आत संच उतरवावा लागतो. दुसऱ्या दिवशी भट्टी माणूस आत जाऊ शकेल इतकी निवते. तळाशी राखेचे थर, वर वीस मजले काळोख. वेल्डर परांची बांधून चढतो, आरसा धरून नळीची मागची बाजू बघतो, फुटका तुकडा कापून नवा बसवतो. सगळा सांधा आरशात बघून वेल्ड करायचा असतो, कारण मागे हात जातो पण डोकं जात नाही. सांध्याचा एक्स-रे निघतो, पाण्याचा दाब देऊन बघतात. मग भट्टीत पुन्हा तेल पेटतं.